वेबसाईटचे स्थलांतर आणि हरवणारी चौकशीपत्रे

हिंगोली जिल्ह्यातील व्यापारी आणि कारागीर बांधवांना वेबसाईट ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कापड, हळद, फर्निचर, फॅब्रिकेशन, शिलाई अशा अनेक धंद्यांतील मंडळींनी दोन-चार पानांची का होईना, आपली वेबसाईट करून घेतली आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तर परगावचा खरेदीदार ‘वसमत हळद’ हे नाव टाकून शोध घेऊ शकतो. अशा वेबसाईटवर ‘संपर्क’ नावाचे एक पान असते. त्यात ग्राहकाने नाव, फोन नंबर आणि आपली मागणी लिहावयाची, बटण दाबावयाचे, आणि ती मागणी दुकानदाराच्या ईमेलवर यावयाची, असा साधा दस्तूर आहे. यालाच संपर्क फॉर्म म्हणतात.

हा फॉर्म एरवी वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करतो. परंतु वेबसाईट एका होस्टिंग कंपनीकडून दुसरीकडे हलवली, डोमेनचे नाव बदलले किंवा वेबसाईट नव्याने बांधून घेतली, की तो बिघडण्याची शक्यता फार मोठी असते. वेबसाईट तर दिसते, फोटो दिसतात, भावपत्रक दिसते. म्हणून मालक निर्धास्त असतो. पत्रे मात्र येत नाहीत. दुकानाचे शटर बंद असेल तर शेजारी सांगतो, फॉर्म बंद असेल तर कोणीही सांगत नाही. म्हणून या विषयाची सविस्तर माहिती आम्ही येथे देत आहोत. संगणकाचे शिक्षण नसलेल्या माणसालाही ती कळेल असा आमचा प्रयत्न आहे.

नुकसान नेमके कोणते?

आमच्या कापडाच्या दुकानाची वेबसाईट नव्या होस्टिंगवर गेली, त्यानंतर सतरा दिवस आमच्याकडे एकही चौकशी आली नाही. दिवस मे महिन्याचे होते, म्हणजे शालेय गणवेशाच्या खरेदीचे. अठराव्या दिवशी एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांनी दोनदा फॉर्म भरून दर मागितला होता आणि उत्तर न आल्यामुळे ऑर्डर दुसरीकडे दिली होती. त्यांची तक्रार दराची नव्हती. ‘तुम्ही उत्तरही दिले नाही,’ एवढेच ते म्हणाले.

यातील खरे नुकसान एका ऑर्डरीपुरते नसते. फॉर्म भरल्यावर ग्राहकाला ‘धन्यवाद, आपला संदेश पाठवला आहे’ असे लिहून येते. त्यामुळे त्याची खात्री होते की पत्र पोहोचले. मग उत्तर आले नाही तर तो यंत्राला दोष देत नाही, दुकानदाराला देतो. तिजारतीत शब्दाची किंमत असते. ज्या माणसाने काहीच चूक केलेली नाही, त्याच्या नावावर बेपर्वाईचा शिक्का बसतो आणि त्याला त्याची खबरही नसते.

पत्राचा प्रवास : बिल्टीचे उदाहरण

कापडाच्या धंद्यातील एक उदाहरण घेऊ. सुरतेच्या व्यापाऱ्याने आपल्यासाठी गाठ बांधली आणि ट्रान्सपोर्टवाल्याच्या हवाली केली. ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टी फाडून दिली. ही बिल्टी एवढेच सांगते की माल ट्रान्सपोर्टकडे जमा झाला. माल हिंगोलीच्या गोदामात उतरला की नाही, हे बिल्टी सांगत नाही. त्यासाठी गोदामातून पोच यावी लागते.

फॉर्मवरचे ‘धन्यवाद’ म्हणजे ही बिल्टी होय. त्याचा अर्थ इतकाच, की वेबसाईटने पत्र आपल्या सर्व्हरवरील टपाल-यंत्रणेकडे सोपवले. पुढे तीन टप्पे असतात. पहिला, ग्राहकाच्या मोबाईलवरून मजकूर वेबसाईटच्या सर्व्हरपर्यंत येणे. दुसरा, त्या सर्व्हरने ईमेल तयार करून बाहेर पाठवणे. तिसरा, जीमेलसारख्या सेवेने तो ईमेल स्वीकारून आपल्या पेटीत ठेवणे. स्थलांतरानंतर बिघाड या तिन्हींपैकी कोणत्याही टप्प्यावर होऊ शकतो. कोणत्या टप्प्यावर झाला हे आधी ओळखले पाहिजे. नाहीतर वेबसाईट करणारा मुलगा होस्टिंगवाल्याकडे बोट दाखवतो आणि होस्टिंगवाला त्या मुलाकडे.

ओळखण्याची रीत सोपी आहे. दुसऱ्या कोणाच्या मोबाईलवरून फॉर्म भरावा आणि काय होते ते पाहावे. बटण दाबल्यावर चक्र फिरतच राहिले किंवा लाल अक्षरांत चूक दाखवली, तर दोष पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात आहे. ‘धन्यवाद’ आले पण ईमेल आला नाही, तर दोष दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यात आहे.

चक्र फिरतच राहते तेव्हा

छोट्या वेबसाईट बहुधा वर्डप्रेस या मोफत प्रणालीवर बांधलेल्या असतात, आणि तिच्यावरील संपर्क फॉर्मसाठी ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे जोडसाधन पुष्कळ वापरले जाते. जपानच्या ताकायुकी मियोशी यांनी ते तयार केले आहे. २०१७ साली आलेल्या ४.८ या आवृत्तीपासून हे साधन फॉर्ममधील मजकूर वर्डप्रेसच्या ‘रेस्ट एपीआय’ नावाच्या आतल्या वाटेने पाठवते. ती वाट बंद झाली की चक्र फिरत राहते.

वाट बंद होण्याची कारणे पुढीलप्रमाणे असतात.

पहिले कारण म्हणजे ‘एचटीअ‍ॅक्सेस’ नावाची फाईल मागे राहणे. तिच्या नावाची सुरुवात टिंबाने होते, आणि अशा फाईली पुष्कळ संगणकांवर लपलेल्या असतात. सामान हलवताना माळ्यावरची पेटी विसरावी, तशी ही फाईल जुन्या जागी राहून जाते. उपाय सोपा आहे. वर्डप्रेसच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘परमालिंक्स’ या पानावर जाऊन काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबावे. सर्व्हर अपाची जातीचा असेल आणि त्याला लिहिण्याची परवानगी असेल, तर ती फाईल पुन्हा तयार होते.

दुसरे कारण म्हणजे सुरक्षेचे जोडसाधन. नव्या होस्टिंगवर जाताना ते बसवले जाते आणि ही आतली वाटच कुलूपबंद करते. ते थोडा वेळ बंद करून फॉर्म तपासावा. फॉर्म चालू झाला तर त्या साधनात या वाटेपुरती सूट द्यावी. ते कायमचे काढून टाकू नये.

तिसरे कारण म्हणजे जुना पत्ता. वेबसाईट ‘एचटीटीपी’वरून सुरक्षित ‘एचटीटीपीएस’वर आली किंवा डोमेनच बदलले, पण आतमध्ये कोठेतरी जुनाच पत्ता राहिला, तर ब्राऊझर तो मजकूर अडवतो किंवा मजकूर जुन्या सर्व्हरकडे जातो. वेबसाईट करणाऱ्याकडून सर्व जुने पत्ते बदलून घ्यावेत आणि त्यानंतर साठवणीतील जुनी पाने, म्हणजे ‘कॅशे’, रिकामी करण्यास सांगावे.

चौथे कारण म्हणजे पीएचपीची आवृत्ती. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिची नाव पीएचपी. नव्या होस्टिंगवर ती नवी असते आणि जुने, वर्षानुवर्षे न सुधारलेले जोडसाधन तिच्यावर चालत नाही. अशा वेळी साधन अद्ययावत करणे हाच खरा उपाय आहे.

फॉर्मभोवतीचा रंगही बरेच काही सांगतो. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ मध्ये निरोपाची चौकट हिरवी असेल तर पत्र टपाल-यंत्रणेकडे सोपवले गेले. पिवळी असेल तर ग्राहकाने एखादा रकाना चुकीचा भरला. लाल असेल तर सर्व्हरला पत्र पाठवताच आले नाही. नारिंगी असेल तर पत्र कचरा समजून अडवले गेले. डोमेन बदलल्यानंतर नारिंगी रंग दिसू लागला तर ‘रीकॅप्चा’ तपासावा. गूगलच्या या पहारेकऱ्याला ज्या डोमेनसाठी किल्ली दिली आहे तेच तो ओळखतो. नवे नाव त्याच्या यादीत घालावे लागते.

हिरवे ‘धन्यवाद’ येते, पत्र येत नाही

हा प्रकार सर्वात घातक, कारण दोन्ही बाजूंना सर्व ठीक दिसते. तो समजण्यासाठी ईमेलचा थोडा इतिहास पाहणे जरूर आहे. ईमेल पाठवण्याची पद्धत, म्हणजे एसएमटीपी, हिचा आराखडा अमेरिकेच्या जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी नेटवर्कवर थोडीच मंडळी होती आणि परस्परांवर विश्वास होता. म्हणून पाठवणाऱ्याने पाकिटावर लिहिलेले नाव खरे की खोटे, हे तपासण्याची सोय त्यात ठेवली नव्हती. पुढे फसवणुकीच्या पत्रांचा पूर आला आणि तपासणीचे नियम एकामागून एक आले.

त्यांपैकी पहिला नियम एसपीएफ. आपल्या डोमेनच्या नोंदींमध्ये एक यादी असते : ‘आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार या या सर्व्हरना आहे.’ दुसरा डीकेआयएम, म्हणजे पत्रावरील अदृश्य मोहोर. तिसरा डीमार्क, म्हणजे या दोन्ही तपासण्यांत पत्र नापास झाले तर काय करावे याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे नियम कडक केले. जीमेलच्या पेटीत पत्र घालणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी असणे आवश्यक झाले. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही.

आता स्थलांतरात काय होते ते पाहा. एसपीएफच्या यादीत जुन्या सर्व्हरचे नाव असते. नवा सर्व्हर पत्र पाठवतो, जीमेल यादी पाहते, त्यात त्याचे नाव नसते, आणि पत्र स्पॅममध्ये जाते किंवा परत फिरते. उपाय असा, की नव्या होस्टिंग कंपनीकडून तिची एसपीएफची ओळ मागून घ्यावी आणि ती असलेल्या नोंदीतच जोडावी. दुसरी वेगळी नोंद करू नये. एका नावाला एसपीएफच्या दोन नोंदी झाल्या की नियमाप्रमाणे तपासणीच चुकीची ठरते आणि दोन्ही निरुपयोगी होतात.

दुसरी एक चूक फार प्रचलित आहे. फॉर्मच्या मांडणीत ‘प्रेषक’ म्हणून ग्राहकाचाच ईमेल पत्ता टाकलेला असतो. म्हणजे आपला सर्व्हर जीमेलला सांगतो, ‘हे पत्र जीमेलच्याच खातेदाराने पाठवले आहे.’ हे खोटे आहे हे जीमेलला लगेच कळते. जुन्या जागी हे कसे चालत होते, असा प्रश्न वाचकांना पडेल. तेथे पुष्कळदा वेबसाईट आणि ईमेलची पेटी एकाच यंत्रावर होती, त्यामुळे पत्र घरातल्या घरात जात होते आणि वाटेत नाकाच नव्हता. योग्य मांडणी अशी : ‘प्रेषक’ म्हणून आपल्याच डोमेनचा पत्ता ठेवावा आणि ग्राहकाचा पत्ता ‘उत्तर येथे द्या’, म्हणजे ‘रिप्लाय-टू’, या जागी घालावा. मग उत्तर देताना ते आपोआप ग्राहकालाच जाते.

नवा सर्व्हर पत्र घरातच ठेवतो

तिसरा दोष विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण तो लवकर सापडत नाही. पुष्कळ व्यापाऱ्यांची वेबसाईट एका कंपनीकडे आणि ईमेल दुसऱ्या कंपनीकडे असतो. नवा सर्व्हर मात्र समजतो की या डोमेनची पत्रपेटी आपल्याकडेच आहे. म्हणून फॉर्मचे पत्र तो बाहेर पाठवतच नाही, स्वतःच्या कोपऱ्यात ठेवतो किंवा ‘असा खातेदार नाही’ म्हणून टाकून देतो. याची खूण अशी, की दुसऱ्या कोणी जीमेलवरून आपल्या पत्त्यावर लिहिले तर ते पत्र मिळते, फक्त फॉर्मचे मिळत नाही. होस्टिंगचे नियंत्रण-पान सीपॅनल असेल तर त्यात ‘ईमेल रूटिंग’ या ठिकाणी ‘लोकल’ऐवजी ‘रिमोट’ निवडावे. एका खटक्याचे काम आहे.

याउलट कोणाचेच पत्र येत नसेल, तर डोमेनच्या ‘एमएक्स’ नोंदी पाहाव्यात. ईमेल कोणत्या सर्व्हरवर उतरवावा हे त्या सांगतात. नेमसर्व्हर बदलताना त्या नव्या जागी लिहून घ्याव्या लागतात; न लिहिल्यास संपूर्ण टपाल बंद पडते. स्थलांतरापूर्वी सर्व नोंदींचा फोटो काढून ठेवणे म्हणूनच जरुरीचे आहे.

टिकाऊ उपाय : ओळखपत्र असलेला हरकारा

वर्डप्रेस मुळात सर्व्हरच्या साध्या ‘मेल’ सोयीने पत्र पाठवते. हा हरकारा ओळखपत्राशिवाय हिंडतो. काही होस्टिंग कंपन्यांनी ही सोय बंदच ठेवलेली असते. त्याऐवजी एसएमटीपीचे जोडसाधन बसवून, खऱ्या ईमेल खात्याचे नाव आणि पासवर्ड देऊन पत्र पाठवणे हा टिकाऊ मार्ग आहे. यासाठी ५८७ किंवा ४६५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे दार, वापरतात. २५ क्रमांकाचे जुने दार अनेक ठिकाणी बंद असते. जीमेलचे खाते वापरावयाचे असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. दुहेरी पडताळणी चालू करून ‘अ‍ॅप पासवर्ड’ घ्यावा लागतो. शिवाय ‘प्रेषक’ म्हणून त्याच खात्याचा पत्ता ठेवावा.

आवक वही वेबसाईटवरच ठेवावी

वरील सर्व केल्यावरही ईमेल कधीतरी चुकणारच. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की चौकशीची एक नक्कल वेबसाईटवरच जमा झाली पाहिजे. आपण माल आला की आधी आवक वहीत नोंद करतो, मग तो मांडणीवर जातो. तसेच येथे. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ स्वतः पत्रे साठवून ठेवत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ईमेल गेला नाही तर मजकूर कायमचा गेला. त्याच मियोशी यांचे ‘फ्लेमिंगो’ नावाचे मोफत साधन बसवले, की प्रत्येक चौकशी वेबसाईटच्या साठ्यात नोंदली जाते. मग ईमेल महिनाभर बंद राहिला तरी एकही ग्राहक हरवत नाही.

मात्र लोकांची नावे आणि फोन नंबर म्हणजे आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती दुसऱ्याला देऊ नये आणि काम संपल्यावर नाहक साठवू नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ साली संसदेने केला आहे.

हरवलेली पत्रे शोधताना

फॉर्म बंद होता असे लक्षात आले, तर दुरुस्तीइतकाच शोधही तातडीने करावा. जीमेलचा स्पॅम कप्पा पाहावा. तेथील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात. जुने होस्टिंग खाते बंद करण्यापूर्वी त्यावरील पेटी उघडून पाहावी. डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवल्यावरही काही तास, कधी एक-दोन दिवस, काही ग्राहक जुन्याच वेबसाईटवर पोहोचत राहतात आणि त्यांच्या मागण्या तेथे उतरतात. म्हणून जुने खाते निदान एक महिना चालू ठेवावे. चार पैसे वाचवण्यासाठी ते त्याच दिवशी बंद करणे परवडत नाही.

ज्यांची नावे सापडतील त्यांना फोन करावा आणि कारण सरळ सांगावे. ऑर्डर गेली असेल तरी हरकत नाही. नाव परत मिळते.

चाचणीचा क्रम

स्थलांतर पूर्ण झाले असे वेबसाईट करणारा सांगेल, तेव्हा उरलेले पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी त्याच्यासमोर करून पाहाव्यात.

१) दुकानाच्या वायफायवरून तपासू नये. दुसऱ्याच्या मोबाईलवरून, मोबाईल डेटावर फॉर्म भरावा आणि मजकुरात तारीख व वेळ लिहावी.

२) तीन निरनिराळ्या ईमेल पत्त्यांवरून फॉर्म भरावा, त्यांपैकी एक जीमेलचा असावा.

३) पत्र पेटीत आले की स्पॅममध्ये, ते पाहावे. संगणकावर जीमेल उघडून ‘मूळ संदेश दाखवा’ दाबावे. एसपीएफ आणि डीकेआयएम यांच्यापुढे ‘पास’ लिहिलेले असावे.

४) ‘उत्तर द्या’ दाबून उत्तर ग्राहकाच्याच पत्त्यावर जाते याची खात्री करावी.

५) तीच चौकशी वेबसाईटच्या साठ्यात नोंदली गेली आहे का, ते पाहावे.

६) डोमेन, होस्टिंग आणि ईमेल या तिन्हींचे पासवर्ड मालकाच्या ताब्यात, मालकाच्या फोन नंबरवर असावेत. दुकानाची किल्ली गवंड्याकडे कोणी ठेवत नाही.

७) त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, रोजमेळ मिटवताना, एक चाचणी पत्र पाठवावे. दोन मिनिटांचे काम आहे.

फॉर्मच्या शेजारी दुकानाचा फोन नंबरही ठळक लिहून ठेवावा, म्हणजे एक वाट बंद पडली तर ग्राहकाला दुसरी उघडी राहील. ग्राहक आपल्या दारापर्यंत आणणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे. तो दारात येऊन हाक मारत असताना ती आपल्या कानापर्यंत पोहोचते की नाही, एवढे पाहणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. ज्यांची वेबसाईट गेल्या वर्षभरात हलवली गेली असेल, त्यांनी हा अंक बाजूला ठेवून आजच एक चाचणी पत्र पाठवावे, अशी आमची विनंती आहे.